शनिवारी थांबणारा घाणा : आमची वाटचाल

आमच्या दुकानात पहिल्यांदाच येणारे गिऱ्हाईक बहुधा विचारते की, शनिवारी दुकान बंद का असते? अलिबाग आणि आसपासच्या गावांतल्या जुन्या घरांना हा प्रश्न पडत नाही, कारण शनिवारी तेल विकत आणू नये असे इकडे घरोघरी मानतात, आणि मारुतीला किंवा शनीला वाहायचे तेलसुद्धा आदल्या दिवशीच आणून ठेवतात. त्यामुळे शुक्रवारी आमच्याकडे आठवड्यातली सर्वांत मोठी विक्री होते आणि शनिवारी बंद राहिल्याने कोणाचे फारसे अडत नाही. आमचे कारण मात्र वेगळे आहे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवार हा आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस; तो शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो. याच एका रिवाजावरून कोकणाने आमच्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. आमच्या तेलगिरणीची ४५ वर्षांची वाटचाल सांगताना मला वडिलांविषयी सांगावे लागेल, आणि वडिलांविषयी सांगायचे तर या शनिवारापासूनच सुरुवात करावी लागेल.

आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की, नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि समुद्राने बाहेर टाकलेल्या बाकीच्यांना त्यांनी तिथेच मूठमाती दिली. धर्मग्रंथ पाण्यात गेले. उरली ती तोंडपाठ असलेली ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थना, मुलांची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि शनिवारी काम न करणे. भाषा मराठी झाली, आडनावे गावांवरून पडली, बायका नऊवारी नेसू लागल्या आणि पोटापाण्यासाठी आमच्या लोकांनी घाणा धरला. आमचे आडनावही अलिबाग तालुक्यातल्या एका लहान गावाचेच आहे, आणि माझ्या आजोबांचा घाणा त्याच गावात होता.

तो घाणा मी पाहिलेला नाही, पण आजीच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे की, त्याची करकर माझ्या कानांत आहे. चिंचेच्या लाकडाची लाट, म्हणजे घाण्यातला फिरणारा दांडा, दगडी उखळ, आणि गोल फिरणारा एकच बैल. शुक्रवारी ऊन उतरू लागले की आजोबा घाणा थांबवत, बैलाच्या डोळ्यांवरची झापड सोडत, त्याच्या खांद्यावर जिथे जू घासते तिथे खोबरेल चोळत आणि त्याला आंब्याखाली नेऊन बांधत. दशाज्ञांमध्ये विसाव्याची जी आज्ञा आहे ती नुसत्या माणसाला नाही; चाकराला आहे, घरात आलेल्या परक्याला आहे आणि बैलालाही आहे. वडील लहानपणी ती सोडलेली झापड खुंटीला अडकवून ठेवत. आपल्या आयुष्यातले पहिले नेमून दिलेले काम ते, असे बाबा सांगत असत.

बाबांचा जन्म १९४३ चा. १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर देशभरात लष्करभरतीची लाट आली, तेव्हा ते १९ वर्षांचे होते. मॅट्रिक झालेले, आणि यंत्रांची अनावर ओढ असलेले. गावात डिझेल इंजिन दुरुस्त करायला मिस्त्री आला की ते दिवसभर त्याच्या मागे उभे राहत. आमच्या समाजाला सैन्य नवे नव्हते. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबईच्या पलटणीत बेने इस्राएल शिपाई आणि सुभेदार होते. त्यांपैकी समाजी हसाजी दिवेकर हे टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले आणि सुटून सुखरूप घरी पोचलो तर देवाचे घर बांधीन असा त्यांनी नवस केला, अशी आमच्यात कथा आहे. त्यांनी १७९६ मध्ये मांडवीला बांधलेले ‘शाआर हारहमीम’ हे मुंबईतले पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ), आणि त्यांच्या नावाचा सॅम्युएल स्ट्रीट आजही तिथे आहे. आजोबांनी मुलाला निरोप देताना हीच गोष्ट सांगितली होती. तू नवस वगैरे काही करू नकोस, नुसता परत ये, असे आजी म्हणाली होती.

सिकंदराबादच्या ई.एम.ई. केंद्रात बाबांचे प्रशिक्षण झाले. लष्कराच्या गाड्या, तोफा आणि रणगाडे दुरुस्त करणारे हे दल. क्राफ्ट्समन म्हणून भरती झालेले बाबा पुढे हवालदार झाले, आणि १९७१ च्या डिसेंबरमध्ये शकरगडच्या आघाडीवर, बसंतर नदीच्या परिसरात, एका रणगाडा रेजिमेंटला जोडलेल्या दुरुस्ती तुकडीत होते. नदीच्या दोन्ही बाजूंना सुरुंग पेरलेले होते. सुरुंगावरून गेलेल्या रणगाड्याची साखळी तुटते, कधी एखाददुसरे चाक उडते, आणि ५० टनांचे सेंच्युरियनचे धूड जागच्या जागी बसते. ते रात्री अंधारात ओढून मागे आणायचे, साखळीचे नवे दुवे जोडायचे आणि पहाटेच्या आत पुन्हा पुढे पाठवायचे, हे बाबांच्या तुकडीचे काम होते. शौर्याच्या गोष्टी त्यांनी आम्हाला कधीच सांगितल्या नाहीत. थंडीने लोखंड हाताला कसे झोंबते, आणि हातमोजे घातले तर नट कसा पकडता येत नाही, एवढेच ते सांगत.

एक गोष्ट मात्र ते दरवर्षी डिसेंबरात सांगत. ते युद्ध ३ डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी सुरू झाले आणि १७ डिसेंबरला, शुक्रवारीच, रात्री ८ वाजता थांबले. मधला एकही शनिवार पाळता आला नाही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावाच लागतो, असे आमचा धर्मच सांगतो, त्यामुळे त्याचे त्यांना वाईट वाटत नव्हते. पण त्या रात्री तोफा थांबल्या, आणि कान बधिर झालेल्या त्या शांततेत त्यांना अचानक लक्षात आले की आता शब्बाथ लागला आहे. त्यांनी शिध्यात आलेल्या मूठभर मनुका मगमध्ये पाण्यात कुस्करल्या. आमच्यात शुक्रवारी रात्री द्राक्षरस नसेल तर मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हणतात. बाबांनी तो पाठ होता तेवढा म्हटला, आणि शेजारी बसलेल्या सरदारजी चालकाने, शब्द कळत नसतानाही, डोके झाकून तो संपेपर्यंत हात जोडून ठेवले. मग दोघांनी ते पाणी अर्धे अर्धे प्यायले. घरी गेल्यावर आयुष्यात जे काही काम करीन ते शनिवारी थांबवीन, असे बाबांनी तिथे ठरवले.

१९७८ मध्ये ते पेन्शनवर घरी आले तेव्हा घर जवळजवळ रिकामे झाले होते. १९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्राएलांची संख्या २०,००० च्या आसपास होती. आज ती ४,००० ते ५,००० उरली आहे. माझे दोन्ही काका १९६९ मध्ये इस्राएलला गेले, एक दिमोनाला आणि एक लोदला. आजोबांना जावेसे वाटत नव्हते. बेने इस्राएलांशी लग्नसंबंध करावेत की नाही, असा वाद तिथल्या धर्मगुरूंनी काढला होता, आणि आमच्या लोकांनी बराच काळ आंदोलन केल्यावर १९६४ मध्ये तो मिटला, तरी आजोबांच्या मनाला लागलेले ते गेले नाही. घाणा बंद पडला होता. बैल विकला होता. बाबांना लष्करातला अनुभव दाखवून मुंबईच्या कारखान्यात चांगली नोकरी मिळत होती, आणि काकांची पत्रेही येत होती की इथे मेकॅनिकला फार मागणी आहे. त्यांनी दोन्ही नाकारून तेल गाळायचे ठरवले.

बँकेने कर्ज दिले नाही. जामीनदार कोण, असे विचारल्यावर बाबांकडे सांगायला नाव नव्हते, कारण ज्यांनी सही केली असती ते सगळे देश सोडून गेले होते. ग्रॅच्युइटीचे पैसे, आजीच्या पाटल्या आणि शेजारच्या बागायतदाराने कागदाशिवाय दिलेले ५,००० रुपये, एवढ्या भांडवलावर पुण्याहून एक जुना एक्स्पेलर, म्हणजे तेल गाळायचे यंत्र, ट्रकने अलिबागला आणला गेला. यंत्र बसवण्याच्या आदल्या दिवशी घरात मलिदा झाला. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, वर सुकामेवा आणि फळे. हे ताट एलियाहू हानाबी या आमच्या प्रेषितांच्या नावाने मांडतात, कारण त्यांचा रथ अलिबागजवळच्या खडकावरूनच आकाशात गेला अशी आमची श्रद्धा आहे. १९७९ च्या फेब्रुवारीत पहिले खोबरेल गाळले. त्या पहिल्या डब्यातले तेल सिनेगॉगच्या दिव्यांसाठी गेले.

इस्राएल आळीतले ‘मागेन आबोथ’ हे आमचे सिनेगॉग १८४८ चे, आणि आज जी वास्तू दिसते ती १९१० च्या पुनर्बांधणीची. त्यात टांगलेल्या काचेच्या हंड्यांत तळाशी पाणी आणि वर तेलाचा थर घालून वात पेटवतात. तेल संपले की ज्योत पाण्याला लागून आपोआप विझते आणि काच तडकत नाही. तेलात जरासा जरी गाळ असला तरी वात काजळते. म्हणूनच बाबा म्हणत की आपल्या मालाची खरी परीक्षा प्रयोगशाळेत नाही, तिथे होते. शुक्रवारी दुपारी ते स्वतः जाऊन काचा पुसत आणि आदल्या आठवड्याच्या काजळीवरून त्या आठवड्याचे खोबरे कसे होते ते सांगत.

गिरणीची शिस्त त्यांनी लष्करातून आणली होती. प्रत्येक यंत्राची स्वतंत्र वही. एक्स्पेलरचे वर्म, म्हणजे आतल्या दाबणाऱ्या स्क्रूचे पेच, झिजले की वेल्डिंगने भरून घ्यावे लागतात. ते कोणत्या तारखेला भरले, किती तास चालले, बेअरिंगला ग्रीस कधी दिले, गाळणीचे कापड कधी बदलले, याची रोजची नोंद असे. त्यांच्या तुकडीत रणगाड्याची अशीच नोंदवही असायची. यंत्र सुरू झाले की ते लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून ऐकत. तो स्क्रूड्रायव्हर त्यांनी मला आठव्या वर्षी हातात दिला. चांगले बेअरिंग एकसारखे गुणगुणते, आणि खराब होऊ लागलेल्याच्या आवाजात मध्येच वाळू रगडल्यासारखे काही ऐकू येते. हा फरक कळायला मला दोन वर्षे लागली.

खोबऱ्याची पारख त्यांनी आजोबांकडून घेतली होती. खोबऱ्याची वाटी दोन बोटांत धरून मोडायची. कट्‌ असा कोरडा आवाज आला तर माल घ्यायचा, वाकून लवचीकपणे फाटली तर परत करायचा. ओलसर खोबऱ्याचे तेल चार महिन्यांत खवट होते. एकदा एका व्यापाऱ्याने वजन वाढवण्यासाठी पाणी मारलेली ४० पोती पाठवली, आणि बाबा लग्नाला परगावी गेलेले असल्याने ती आम्ही उतरवून घेतली. पैसे देऊन झाले होते. परत आल्यावर बाबांनी ती सगळी पोती पुन्हा उन्हात पसरायला लावली, बुरशी धरलेल्या वाट्या एक एक करून निवडल्या आणि त्यांचे तेल साबणवाल्याला निम्म्या भावात दिले. खायच्या तेलात त्यातला एक थेंबही गेला नाही. त्या वर्षी दिवाळीचा नफा शून्य होता.

शनिवारमुळे काही कामे हातची गेली, हेही सांगितले पाहिजे. एका मोठ्या वसतिगृहाचे वर्षभराचे कंत्राट मिळत होते, पण माल शनिवारीच पोचवायचा अशी अट होती. बाबांनी शुक्रवारी दुपारी माल देण्याची तयारी दाखवली, ती मान्य झाली नाही, तेव्हा त्यांनी कंत्राट सोडले. कामगारांना मात्र पहिल्या दिवसापासून शनिवारची भरपगारी सुटी होती, आणि रविवारी गिरणी चालू. आमच्या मिस्त्रींची मुले शनिवारी सकाळची शाळा सुटली की वडिलांना घरी बघत. ते मिस्त्री ३१ वर्षे आमच्याकडे राहिले.

जे गेले त्यांनी जाताना बाबांकडे काही ना काही ठेवले. कोणी घराची किल्ली, कोणी जमिनीचे कागद, कोणी आईवडिलांच्या कबरीची देखभाल. दुकानाच्या कपाटात एका खणात नुसत्या किल्ल्या होत्या, प्रत्येकीला सुतळीने बांधलेला पुठ्ठा आणि त्यावर गावाचे नाव. दर पावसाळ्यापूर्वी बाबा एक रविवार काढून त्या घरांची कौले बघून येत. कोणाचे घर विकले गेले तर हिशेबाचा पैसान्‌पैसा पत्रासोबत लिहून कळवत. दफनभूमीची पडलेली भिंत त्यांनी १९८८ च्या उन्हाळ्यात गिरणीच्या खर्चाने बांधून घेतली. समाजातल्या आणि आळीबाहेरच्याही मुलांची फी ते भरत, आणि त्या नोंदीची वही यंत्रांच्या वह्यांतच ठेवत. वहीत मुलाचे नाव नसे, फक्त इयत्ता आणि रक्कम. असे का, हे मी एकदा विचारले. मुलगा उद्या इथे नोकरीला आला आणि त्याच्या हातात ही वही पडली तर त्याला कसे वाटेल, असे त्यांनी मला उलट विचारले.

मी १९९६ मध्ये बी.कॉम. होऊन गिरणीत आले आणि तो आमचा सर्वांत वाईट काळ होता. १९९४ मध्ये पामोलीनची, म्हणजे पामतेलाची, आयात खुली झाली होती, पुढच्या चार वर्षांत आयातशुल्क उतरत गेले, आणि आमच्या गाळणीखर्चापेक्षाही कमी भावात परदेशी तेल दारात येऊन पडले. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले, अंगावर सूज येऊन अनेक माणसे दगावली, आणि त्यानंतर खाद्यतेल बंद पॅकिंगमध्येच विकण्याचा केंद्राचा आदेश आला. तो आदेश योग्यच होता. परंतु तेल चरवीत मोजून घेणारी आमची निम्मी गिऱ्हाइके त्याने गेली, आणि पॅकिंगच्या यंत्राला पैसे नव्हते. माझ्या भावाने तेव्हा इस्राएलमध्ये अश्दोदला जायचे ठरवले. तो जाताना बाबा त्याला काही बोलले नाहीत, विमानतळावर त्याच्या खिशात मनुकांची पुडी तेवढी ठेवली. परत आल्यावर त्यांनी मला विचारले, “बाय, तुला ठेवायची आहे का ही गिरणी? तुला नको असेल तर मी आजच बंद करतो. माझ्यासाठी ठेवू नकोस.” मी ठेवते म्हणाले. ते लगेच वही घेऊन बसले आणि वीज, डिझेल, बारदान आणि मजुरी यांत कुठे पैसे वाचतील ते रात्री १ वाजेपर्यंत आम्ही दोघांनी काढले.

पॅकिंगचे हातयंत्र बाबांनी भंगारातल्या भागांतून स्वतः बनवले. ते आम्ही नऊ वर्षे वापरले.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात जुई, दासगाव येथे दरडी कोसळल्या, तेव्हा बाबा ६२ वर्षांचे होते. रस्ता खुला होताच त्यांनी टेम्पोत तेलाचे डबे, डिझेल पंप आणि दोन कामगार घेतले आणि ते महाडकडे निघाले. विहिरींत चिखल भरला होता. ११ दिवस ते पंप लावून विहिरी उपसत होते. मधला शनिवार आला तेव्हा मी फोनवर विचारले, आज तरी थांबलात का? पिण्याच्या पाण्याला शनिवार नसतो, असे ते म्हणाले, आणि पंपाचा आवाज येत असताना त्यांनी फोन ठेवला.

लाकडी घाण्याच्या तेलाला पुन्हा मागणी येऊ लागली तेव्हा २०१६ मध्ये आम्ही विजेवर चालणारा लाकडी घाणा बसवला. मिनिटाला जेमतेम बारा-चौदा फेरे, तेल थंड निघते, उतारा कमी पडतो, पण शेंगदाण्याचा आणि तिळाचा मूळ वास टिकतो. बाबा त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसत. आजोबांच्या घाण्याची खुंटीला अडकवलेली झापड आजीने जपून ठेवली होती, ती त्यांनी या नव्या घाण्याच्या वर भिंतीवर लावली.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंतच्या वाड्या झोपवल्या. नारळाचे झाड लावल्यापासून फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात, त्यामुळे ज्यांची बाग गेली त्यांचे एका दिवसात सात वर्षांचे उत्पन्न गेले. पडलेल्या झाडांवरचे कोवळे नारळ तेलाला निरुपयोगी असतात, पण तयार नारळही बाजारात एकदम आल्याने भाव कोसळला. बाबांनी सांगितले की आपल्या नेहमीच्या बागायतदारांकडून मे महिन्याच्याच भावाने घे. त्यांत १९७९ मध्ये कागदाशिवाय ५,००० रुपये देणाऱ्यांचा नातूही होता. मी हिशेब मांडून दाखवला, तोटा दिसत होता. त्यांनी तो नीट पाहिला, आकडे बरोबर आहेत म्हणाले, आणि तरीही घे म्हणाले. आम्ही घेतले. तो तोटा भरून निघायला दीड वर्ष लागले.

बाबा २०२२ च्या जानेवारीत गेले. प्रार्थनेला दहा पुरुषांचा मिन्यान लागतो, आणि अलिबागमध्ये एरवी तो जमवताना फोन करावे लागतात. त्या दिवशी मुंबई, ठाणे, पेण आणि पनवेलहून माणसे आली. त्यांच्यामागे आमचे कामगार, बागायतदार आणि आळीतले शेजारी फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत उभे होते.

आज गिरणीत नऊ जण काम करतात. एक्स्पेलरच्या वहीतली बाबांच्या हातची शेवटची नोंद ‘मागचे बेअरिंग ऐकणे’ अशी आहे. सात दिवसांच्या सुतकानंतर मी गिरणी उघडली आणि तो जुना स्क्रूड्रायव्हर लावून ऐकले, तर आवाजात वाळू होती. बेअरिंग त्याच दिवशी बदलले, तारीख घातली, आणि शुक्रवारी दुपारी तेल घेऊन काचा पुसायला गेले.